प्रेस, गट आणि मार्कर : रॅकेटच्या निगेचा इतिहास

जॉन बेट्जमन यांची 'अ सबॉल्टर्न्स लव्ह साँग' ही कविता १९४१ साली प्रसिद्ध झाली. एक तरुण लष्करी अधिकारी मिस जोन हंटर डन हिच्याशी टेनिस खेळतो, हरतो, आणि हरण्यातच सुख मानतो. मग घरी परतणे, सहाच्या बातम्या, लिंबाच्या रसातली जिन, हिलमन मोटार, गोल्फ क्लबातले नृत्य आणि शेवटी वाङ्निश्चय, असा त्या कवितेचा प्रवास आहे. इंग्रजी मध्यमवर्गाच्या एका संध्याकाळचे हे चित्र थट्टेखोर आहे आणि हळवेही. त्यात सामना संपल्यावर रॅकेट 'प्रेस'मध्ये परत गेल्याचा एक ओझरता उल्लेख येतो. आजच्या विद्यार्थ्याला जिन कळते, मोटार कळते, गोल्फ क्लबही कळतो. प्रेस म्हटले की मात्र त्याच्यासमोर छापखाना उभा राहतो, नाहीतर इस्त्री. टेनिस खेळणाऱ्या विद्यार्थ्याची गतही निराळी नाही. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत दोन-तीन रॅकेटी असतात, प्रेस एकही नसतो.

टीपाकार येथे 'रॅकेट ठेवण्याची लाकडी चौकट' असे लिहून पुढे सरकेल. आम्हांस मात्र येथे थोडे रेंगाळावेसे वाटते. टेनिसचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांनी आणि नव्या शोधांच्या सनावळीने सांगितला जातो. खेळ संपल्यावर रॅकेटचे काय होई, ती कोण पुशी, कोण सुकवी, कोण बांधी, हा भाग त्यातून गळतो. तो गळाला की वस्तूचा इतिहास लंगडा होतो, आणि त्या वस्तूचा उल्लेख असणारे साहित्यही अर्धेच वाचले जाते.

प्रथम त्या चौकटीकडे पाहू. प्रेस म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या दोन समलंब चौकटी. त्यांच्यामध्ये रॅकेटचे डोके सरकवायचे आणि चार कोपऱ्यांतले चार बोल्ट, हाताच्या बोटांनी फिरवता येतील अशा कानवाल्या नटांनी आवळायचे. आवळण्याची रीत ठरलेली होती. एक नट पूर्ण पिळून मग दुसऱ्याकडे वळायचे नाही. समोरासमोरचे कोपरे थोडे थोडे घट्ट करीत चारही बाजूंचा दाब सारखा आणायचा. एक कोपरा जास्त आवळला गेला तर ज्या पिळापासून रॅकेटला वाचवायचे तोच पीळ प्रेस तिला देई.

हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर रॅकेटच्या शरीरात आहे. लाकडी रॅकेट प्रामुख्याने ॲशच्या लाकडाची. प्रारंभी एकच लांब पट्टी वाफवून, मऊ करून, गोल वाकवीत आणि तिची दोन टोके मुठीत एकत्र आणीत. पुढे पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून फ्रेम करण्याची पद्धत रुळली. डनलॉपची १९३१ साली आलेली मॅक्सप्लाय ही त्या घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध रॅकेट. वाकवलेल्या लाकडाला सरळ होण्याची ओढ कायम असते. त्यातच त्याच्या पोटात ताणलेल्या तारा. अठरा उभ्या तारा प्रत्येकी ५५ पौंडांवर ओढल्या, असे धरले तरी बेरीज ९९० पौंड, म्हणजे सुमारे ४५० किलो होते. आडव्या तारांची ओढ आणखी वेगळी. एवढा ताण पोटात घेऊन ही जेमतेम ४०० ग्रॅमची वस्तू खुंटीवर लटकत असे. हवा कोरडी असेल तोवर ठीक. हवेत दमटपणा आला की लाकूड पाणी शोषते, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला कमी, आणि डोक्याला हळूहळू पीळ पडतो. असा पीळ पडलेली रॅकेट टेबलावर ठेवली की तिचे डोके सपाट टेकत नाही. ती मोडलेली नसते, पण तिने मारलेला चेंडू खेळणाऱ्याच्या मनात असेल तिकडे जात नाही.

तारांची कथा तर पाण्याच्या भीतीचीच कथा आहे. इंग्रजीत त्यांना 'कॅटगट' म्हणतात, पण मांजराचा त्यांच्याशी संबंध नाही. मेंढीच्या, आणि पुढे गुराच्या आतड्याचा पदर स्वच्छ करून, त्याच्या पट्ट्या कापून, ओल्या असतानाच पिळून, ताणावर वाळवून ही तार तयार होते. मराठीला ही वस्तू परकी नाही. पिंजाऱ्याच्या धनुकलीला आणि सारंगीला लागणारी 'तात' ती हीच. ल्योंच्या पिएर बाबोला यांनी १८७५ साली टेनिससाठी अशी तात करायला घेतली, त्याआधी त्या घराचा धंदा वाद्यांच्या तारांचा होता. सारंगिये पावसाळ्यात वाद्याची जी काळजी घेतात तीच काळजी टेनिसपटूला घ्यावी लागे, याचे म्हणूनच नवल वाटायला नको. तातेला पाणी लागले की ती फुगते, तिचे पदर सुटू लागतात, ताण उतरतो, आणि मग भर खेळात ती तुटते.

म्हणून निगेचे नियम घडले. खेळ आटोपताच फ्रेम आणि तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. ओले फडके कधीही लावू नये. तारा जेथे एकमेकींना ओलांडतात तेथे अडकलेली वाळू व माती हलक्या हाताने झटकावी, कारण प्रत्येक फटक्याबरोबर तारा एकमेकींवर घासतात आणि मधला कण करवतीचे काम करतो. दव पडलेल्या हिरवळीवर चांगली रॅकेट काढू नये. त्यासाठी जुनी वेगळी ठेवावी. तारांवर वार्निशाचा पातळ हात द्यावा. फ्रेमवरचे वार्निश जमिनीला घासून उडाले असेल तर तेवढी जागा लगेच झाकावी, नाहीतर तेथून ओल आत शिरते. चामड्याची पट्टी मुठीवर सर्रास येण्यापूर्वी मूठ उघड्या लाकडाची, पकड बसावी म्हणून खाचा पाडलेली असे. घामाने ती काळवंडे आणि गुळगुळीत होई. मग प्रेस, वरून मेणकापडाचा अभ्रा, आणि ठेवण्याची जागा अशी की जी ओली नाही आणि शेगडीजवळचीही नाही, कारण अति उष्णतेने लाकूड आकसते आणि सांधे सुटतात. वाचकांस हे नियम पाठांतराला द्यावेत असा आमचा हेतू नाही. पण या यादीत एक स्वभाव दिसतो. येथे वस्तूला आजाऱ्यासारखे वागवलेले आहे.

येथेच एका रूढ समजुतीशी आमचा मतभेद नोंदवतो. जुन्या वस्तू टिकाऊ होत्या, म्हणून लोक त्यांना जपत, असे आपल्याकडे हळहळून बोलले जाते. लाकडी रॅकेटच्या बाबतीत हे उलटे आहे. ती अल्पायुषी होती, म्हणून जपावी लागे. प्रेस हा टिकाऊपणाचा पुरावा नसून ठिसूळपणाचा आहे. जोरकस खेळणाऱ्याच्या हातात लाकडी फ्रेम काही महिन्यांतच मऊ पडे, आणि कितीही आवळले तरी तिला गेलेला ताठरपणा परत येत नसे.

मग हे जपणे कोणाचे काम होते? एकेकाळी या प्रश्नाला एकच उत्तर होते. लॉन टेनिसच्या कितीतरी आधीपासून फ्रान्समध्ये बंदिस्त अंगणात 'ज द पोम' हा खेळ चालत असे; १७८९ च्या २० जूनला व्हर्सायमध्ये फ्रेंच प्रतिनिधींनी शपथ घेतली ती अशाच एका अंगणात. या खेळाच्या कारागिराला 'पोमिए-राकेतिए' म्हणत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने निरनिराळ्या हस्तव्यवसायांची वर्णने छापण्याचा जो मोठा उपक्रम चालवला होता, त्यात फ्रांस्वा द गार्सो यांनी १७६७ साली या व्यवसायावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. अंगण राखणे, चेंडू शिवणे, लाकूड वाकवून रॅकेट करणे, तिला तारा भरणे, नवख्याला खेळ शिकवणे, ही सारी कामे एकाच पेशाची असल्याचे त्यावरून दिसते. करणारा आणि निगा राखणारा वेगळे झालेले नव्हते. या जुन्या खेळाची जी मोजकी अंगणे आज उरली आहेत तेथे रॅकेट अजून लाकडीच असते आणि तेथले व्यावसायिक अजूनही चेंडू स्वतःच्या हातांनी शिवतात.

१८७४ साली मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड यांनी आपल्या नव्या खेळाचे पेटंट घेतले आणि तो पेटीत भरून विकायला काढला. रॅकेटी, जाळे, खुंट, चेंडू आणि नियमांचे पुस्तक, सारे एका पेटीत. रबर कडक करण्याच्या युक्तीमुळे हिरवळीवर उसळणारा चेंडू शक्य झाला होता, गवत कापण्याचे यंत्र चार दशकांपूर्वीच आले होते. या पेटीने खेळ अंगणातून घराच्या बागेत आणला, हे सर्वज्ञात आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळे: रॅकेट आता पोमिएच्या हातून सुटली. ती दुकानात मिळू लागली, आणि तिची काळजी घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी झाली. १८७७ साली विम्बल्डनच्या क्लबाने पहिली स्पर्धा भरवली तेव्हा जाहीर सूचनेत खेळाडूंना आपापल्या रॅकेटी आणण्यास सांगितले होते. २२ जणांनी नावे नोंदवली. ही स्पर्धा भरवण्यामागे क्लबाचा तट्टू ओढत असे तो रूळ दुरुस्त करण्यासाठी पैसा उभारावा हा हेतू होता, असे सांगतात. जगातली सर्वांत मानाची टेनिस स्पर्धा दुरुस्तीच्या वर्गणीतून जन्मली, ही गोष्ट आम्हांस त्या स्पर्धेच्या कोणत्याही अंतिम सामन्याहून अधिक मनोरंजक वाटते.

जबाबदारी मालकाची झाली याचा अर्थ मालकाने ती स्वतः पार पाडली असा नव्हे. बेट्जमन यांच्या ओळीकडे पुन्हा पाहावे. तेथे रॅकेट प्रेसमध्ये परत असल्याची केवळ स्थिती सांगितली आहे. ठेवण्याच्या क्रियेला कर्ताच नाही. बागा, मोटार आणि क्लब असलेल्या त्या घरात रॅकेट कोणी ठेवली असेल? बहुधा निवेदकानेच, असे कवितेच्या ओघावरून धरता येते. परंतु व्याकरणाने त्याची सक्ती केलेली नाही, आणि त्या वर्गाच्या राहणीत अशी पुष्कळ कामे कर्त्यावाचून होत असत.

हिंदुस्थानात त्या कर्त्याला एक नाव होते, ते म्हणजे मार्कर. हा शब्द मूळचा जुन्या बंदिस्त अंगणातल्या खेळाचा. तेथे गुण पुकारणाऱ्याला मार्कर म्हणत. इंग्रजांबरोबर तो इकडे आला आणि टेनिस, स्क्वॉश, बिलियर्ड्स सर्वत्र रुजला. जिमखान्यातला मार्कर गुण तर मोजीच, पण सभासदाला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळे, नवशिक्याला शिकवी, जाळे बांधी आणि रॅकेटींची देखभालही करी. पुष्कळदा तो चेंडू गोळा करणारा मुलगा म्हणून आलेला असे आणि खेळ पाहून पाहून शिकलेला असे. म्हणजे विंगफील्डच्या पेटीने जो पोमिए मोडीत काढला, तो येथे पुन्हा उभा राहिला. फरक एवढाच की पॅरिसमध्ये तो आपल्या पेशाचा मालक होता, आणि येथे महिन्याच्या पगारावरचा नोकर.

त्याचे कामही येथे अधिक कठीण. मुंबईच्या हवेत जून ते सप्टेंबर लाकूड आणि तात या दोहोंचीही परीक्षा असते. मातीची कोर्टे बंद, रॅकेटी कपाटात, आणि कपाटात बुरशी. इंग्लंडमधल्या पावसाला अनुसरून लिहिलेले निगेचे उपदेश येथे अपुरे पडत. मुंबईच्याच टेनिसमधून लीला राव पुढे आल्या, आणि १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरल्या. साहित्याच्या वाचकांस त्यांची आई अधिक परिचयाची असेल: 'सत्याग्रहगीता' हे संस्कृत काव्य लिहिणाऱ्या पंडिता क्षमाबाई राव, वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडितांच्या कन्या. क्षमाबाई स्वतःही मुंबईच्या टेनिसमधल्या नावाजलेल्या खेळाडू होत्या. एकाच घरात अनुष्टुभ आणि तात यांचा असा शेजार असावा, हे आपल्या वाङ्मयेतिहासांत कोठे ठळकपणे येत नाही. असो. मायलेकींच्या विजयांच्या बातम्या छापल्या गेल्या. ज्या हातांनी त्यांच्या काळातल्या रॅकेटी ऐन पावसाळ्यात कोरड्या ठेवल्या त्यांचे नाव छापण्याची पद्धत नव्हती.

निगेतून दुरुस्ती आणि दुरुस्तीतून उद्योग, अशीही एक वाट आहे. पंजाबातल्या सियालकोटला क्रीडासाहित्याचा धंदा कसा सुरू झाला याची एक गोष्ट सांगितली जाते. १८८० च्या दशकात तेथल्या छावणीतल्या एका इंग्रजाची रॅकेट मोडली. नवी मागवायची तर समुद्रापलीकडून यायची. म्हणून त्याने ती एका स्थानिक कारागिराकडे दिली, आणि कारागिराने ती इतकी चांगली करून दिली की पुढे तशाच नव्या करण्याची मागणी आली. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, म्हणून ही आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण आख्यायिका कोणती टिकते यालाही अर्थ असतो. कोणा उद्योजकाच्या भांडवलाची गोष्ट न टिकता मोडलेली रॅकेट जोडल्याची गोष्ट टिकली. त्या शहराने पुढे रॅकेटी, हॉकीच्या काठ्या, चेंडू साऱ्या जगाला विकले. १९४७ च्या फाळणीत तेथले अनेक हिंदू व शीख कारखानदार आणि कारागीर जालंदरला आले, आणि तो धंदा सीमेच्या दोन्ही बाजूंना विभागून चालू राहिला. हत्यारे मागे राहिली असतील; वाफवलेली पट्टी किती वाकते आणि केव्हा चिरते याचे ज्ञान हातात होते, ते बरोबर आले.

लाकडाचा शेवट फार झपाट्याने झाला. १९६७ साली विल्सनने रने लाकोस्त यांच्या रचनेवरची पोलादी टी-२००० आणली, १९७६ साली हॉवर्ड हेड यांच्या आराखड्यातली मोठ्या डोक्याची प्रिन्स आली, मग ग्राफाइट. गंमत अशी की १९७८ पर्यंत रॅकेट म्हणजे काय याची व्याख्याच टेनिसच्या नियमांत नव्हती. दुहेरी तारांच्या 'स्पॅगेटी' रॅकेटने १९७७ साली गोंधळ उडवला तेव्हा ती करावी लागली. शंभर वर्षे लाकूड आणि तात इतकी गृहीत होती की कोणाला ते लिहावेसे वाटले नाही, आणि लिहिले गेले तेव्हा लाकूड जाण्याच्या वाटेवर होते. विम्बल्डनमध्ये लाकडी रॅकेटने एकेरीचे अजिंक्यपद शेवटचे जिंकले ते १९८१ साली जॉन मॅकेन्रो यांनी. १९८३ साली यानिक नोआ यांनी पॅरिसमध्ये लाकडानेच विजय मिळवला. विम्बल्डनच्या हिरवळीवर १९८७ नंतर लाकडी रॅकेट दिसली नाही.

ग्राफाइटला पाणी लागत नाही, पीळ पडत नाही. प्रेसची गरज एका दशकात संपली आणि शब्दही गेला. निगा मात्र संपली नाही. ती फ्रेमवरून तारांवर सरकली. ब्यॉर्न बोर्ग आपल्या लाकडी रॅकेटी सुमारे ८० पौंडांवर बांधून घेत, आणि त्या रात्री हॉटेलच्या खोलीत आपोआप तडकत, असे सांगतात. पण तो अपवाद होता. १९९७ साली गुस्ताव्हो कुर्टेन पॉलिएस्टरच्या तारांनी फ्रेंच स्पर्धा जिंकले, त्यानंतर त्या तारा सर्वत्र पसरल्या. ही तार पाण्याने मरत नाही, पण काही तासांच्या खेळाने तिचा जीव जातो. न तुटताच ती कापून टाकावी लागते, आणि बडे खेळाडू सामन्यागणिक नव्याने बांधलेल्या रॅकेटी घेतात. म्हणूनच पीट सॅम्प्रास यांच्या रॅकेटी बांधणारे नेट फर्ग्युसन यांचे नाव वर्तमानपत्रांत आले. बांधणाऱ्याला नाव मिळाले ते रॅकेट जपण्याची वस्तू उरली नव्हती तेव्हा, ही विसंगती आम्हांस लक्षणीय वाटते. पूर्वी त्याचे काम आहे ते टिकवण्याचे होते; आता ते आहे ते वेळेवर टाकून देण्याचे आहे.

शब्दांचे भाग्य मात्र वस्तूंच्या मागोमाग जात नाही. प्रेस गेला तसा 'गट' हा शब्दही जायला हवा होता, कारण आपल्याकडच्या बहुतेक रॅकेटींतून आतड्याची तात कधीच हद्दपार झाली. तो गेला नाही. पुण्या-मुंबईत नायलॉनच्या तारेलाही गट म्हणतात, पॉलिएस्टरच्याही, आणि नव्याने तारा भरून घेण्याला गटिंग. बॅडमिंटनची पोरेही 'गटिंग तुटलं' असेच सांगत येतात. त्या शब्दात एका मेंढीचे पोट आहे हे त्यांच्या गावीही नसते. मार्कर हा शब्द जुन्या जिमखान्यांत रेंगाळतो आहे, तरुण शिकवणारे स्वतःला कोच म्हणवतात. आणि गटिंग करणारा दुकानाच्या कोपऱ्यात यंत्रापुढे बसलेला असतो. रॅकेट हातात आल्यावर तो प्रथम जुन्या तारा कापतो, मधून बाहेरच्या बाजूला, म्हणजे ताण एकदम एका अंगाला सुटून फ्रेमला इजा होऊ नये. मग फ्रेमवर बोटाने टकटक करून कान देतो. आवाज भरीव आला तर विचारतो, किती पौंडांवर. बद्द आला तर नखाने तडा शोधतो, दाखवतो, आणि रॅकेट परत करतो. ग्राफाइटची तडकलेली फ्रेम त्याला जोडता येत नाही.